वाचकांचे प्रश्न : शाहू महाराजांच्या दरबारातला क्रिकेट कप्तान

मागच्या अंकात राजर्षी शाहू महाराजांच्या राज्यारोहणावर एक टिपण होतं. त्यात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांचा उल्लेख ‘क्रिकेटपटू’ असा एका शब्दात आला होता. त्या एका शब्दावर बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : २ एप्रिल १८९४ रोजी महाराजांना राज्याधिकार देणारे लॉर्ड हॅरिस आणि इंग्लंडच्या कसोटी संघाचे कप्तान लॉर्ड हॅरिस एकच का? आमच्या कट्ट्यावर यावरून पैज लागली आहे.
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : एकच. ‘एकच’ म्हणणाऱ्यांनी पैज जिंकली. पूर्ण नाव जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस, घराण्यातले चौथे बॅरन. जन्म ३ फेब्रुवारी १८५१ रोजी त्रिनिदादमध्ये, कारण वडील तेव्हा तिथले गव्हर्नर होते. तेच वडील पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले. पणजोबा जनरल जॉर्ज हॅरिस यांनी १७९९ साली श्रीरंगपट्टण घेतलं, त्या लढाईत टिपू सुलतान पडला. घराण्याच्या किताबात म्हैसूर आणि श्रीरंगपट्टण ही नावं आली ती तिथून. तेव्हा हिंदुस्थान हा हॅरिस यांना घरच्या गोष्टींतून ठाऊक असलेला मुलूख होता. ते इथे आले ते सत्ताधारी घराण्याचे वारस म्हणूनच, हे विसरून त्यांचं क्रिकेट वाचता येत नाही.

शिक्षण इटन आणि ऑक्सफर्डला. केंट परगण्याचं कप्तानपद त्यांनी बरीच वर्षं सांभाळलं. इंग्लंडकडून ४ कसोटी सामने खेळले आणि चारही सामन्यांत तेच कप्तान : दोन जिंकले, एक हरले, एक अनिर्णित. राजकारणात १८८५ साली ते हिंदुस्थान खात्याचे उपमंत्री झाले, १८८६ पासून युद्ध खात्याचे, आणि १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर. कोल्हापूरच्या समारंभाच्या वेळी त्यांचं वय ४३, महाराज विसाव्या वर्षात.

जाता जाता आणखी एक धागा. महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकत होते, त्याच काळात रणजितसिंहजीही तिथेच होते. एकाच शाळेतून एकजण इंग्लंडच्या मैदानावर गेला, आणि दुसऱ्याने कोल्हापुरात तांबड्या मातीचं खासबाग मैदान उभं केलं.

प्रश्न : निवडणूक न लढवता हे ‘लॉर्ड’ लोक मंत्री कसे होत? असे क्रिकेट खेळणारे मंत्री आणखी होते का?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : बॅरन, व्हायकाउंट, अर्ल हे किताब तेव्हा बापाकडून थोरल्या मुलाकडे येत, आणि किताबाबरोबर हाउस ऑफ लॉर्ड्समधली जागाही येई. हॅरिस यांचे वडील १८७२ साली वारले. त्या दिवसापासून एकविसाव्या वर्षी ते कायदेमंडळाचे सभासद होते. पंतप्रधान मंत्री निवडताना दोन्ही सभागृहांतून निवडत, त्यामुळे मतदाराच्या दारात न जाता सरकारात बसता येई.

क्रिकेट खेळलेले बरेच होते. दोघांची नावं लक्षात ठेवा. आल्फ्रेड लिटल्टन यष्टिरक्षक होते, क्रिकेट आणि फुटबॉल दोन्हींत इंग्लंडकडून खेळले, पुढे १९०३ ते १९०५ वसाहत मंत्री झाले. दुसरे अ‍ॅलेक डग्लस-होम. प्रथम श्रेणीचं क्रिकेट खेळलेले ब्रिटनचे ते एकमेव पंतप्रधान, एकूण १० सामने. १९६३ साली पंतप्रधान झाल्यावर त्यांनी अर्लपदाचा त्याग केला आणि पोटनिवडणूक लढवून ते खालच्या सभागृहात आले. मधले काही दिवस ते ना लॉर्ड होते ना खासदार, तरी पंतप्रधान होते.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड. रणजी करंडकात बडोद्याकडून खेळले, १९५७ साली लोकसभेत गेले आणि १९६३ ते १९६६ क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. पण ते मतं मागून निवडून आले. हॅरिस यांच्यात आणि त्यांच्यात हा फरक मोठा आहे.

प्रश्न : ऑस्ट्रेलियात हॅरिस यांना प्रेक्षकांनी मैदानात मारलं म्हणतात. खरं काय?
— एक वाचक, कागल

उत्तर : खरं आहे. ८ फेब्रुवारी १८७९, सिडनी. सामना न्यू साउथ वेल्सविरुद्ध होता, कसोटी नव्हे; इथे अनेकांची गल्लत होते. यजमानांचा बिली मर्डॉक पहिल्या डावात ८२ धावांवर नाबाद राहिलेला, लोकांचा लाडका. दुसऱ्या डावात पंच जॉर्ज कूल्टहार्ड यांनी त्याला धावबाद दिलं. कूल्टहार्ड मेलबर्नचे, म्हणजे सिडनीकरांच्या लेखी परके, आणि हॅरिस यांच्या संघानेच आणलेले. सट्टाही जोरात होता. गर्दी मैदानात घुसली, एकाने हॅरिस यांच्यावर काठी उगारून तडाखा दिला, हॉर्नबी या त्यांच्या खेळाडूने त्या माणसाला धरला.

हॅरिस मैदान सोडून गेले नाहीत. त्यामागे शौर्याइतकाच हिशोबही होता : संघ बाहेर गेला तर सामना सोडून दिला असं धरण्याची भीती होती. पंच बदलायलाही त्यांनी नकार दिला. सोमवारी खेळ पुन्हा सुरू झाला. यजमान ४९ धावांत गुंडाळले गेले आणि हॅरिस यांचा संघ एक डाव ४१ धावांनी जिंकला. त्या सामन्यातले दुसरे पंच होते एडमंड बार्टन. १९०१ साली ते ऑस्ट्रेलियाचे पहिले पंतप्रधान झाले.

हॅरिस यांचं मोठेपण पुढच्या वर्षी दिसतं. १८८० साली ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला आला तेव्हा त्यांच्याशी खेळायला कुणी फारसं तयार नव्हतं. हॅरिस राग गिळून लंडनच्या ओव्हल मैदानावर कप्तान म्हणून उतरले. इंग्लंडच्या भूमीवरचा तो पहिला कसोटी सामना, ६ ते ८ सप्टेंबर. डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी १५२ केल्या, हॅरिस यांनी ५२, आणि इंग्लंड ५ गडी राखून जिंकलं.

प्रश्न : हॅरिस यांना ‘भारतीय क्रिकेटचे जनक’ म्हणणं बरोबर आहे का? हॅरिस शील्ड त्यांच्याच नावाची ना?
— एक क्रीडाशिक्षक, इचलकरंजी

उत्तर : शील्ड त्यांच्याच नावाची. मुंबईच्या शाळांची ही स्पर्धा. १९८८ साली आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागी केली ती याच स्पर्धेत.

पण ‘जनक’ हा शब्द आम्हाला मान्य नाही. त्यासाठी मतं नकोत, तारखा पुरतात. पारशांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ सालचा, तेव्हा हॅरिस जन्मलेही नव्हते. पारशी संघ १८८६ आणि १८८८ साली स्वखर्चाने इंग्लंडला जाऊन आले. जी. एफ. व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला पारशांनी मुंबईत हरवलं ते जानेवारी १८९० मध्ये. हॅरिस यांनी कारभार हाती घेतला एप्रिल १८९० मध्ये. मूल चालायला लागल्यावर घरी आलेल्या पाहुण्याला बाप म्हणायचं कसं?

त्यांनी काय केलं आणि काय केलं नाही, ते मैदानांच्या भांडणात दिसतं. मुंबईत फोर्टाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर एतद्देशीय पोरं क्रिकेट खेळत आणि त्याच जागेवर गोरे लोक पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी जमीन उखणली की चेंडू कुठे उसळेल याचा नेम नसे. तोंडावर चेंडू बसायची भीती. पारशी क्रिकेटपटूंनी १८८१ पासून यावर अर्ज केले. हॅरिस यांच्यापुढेही अर्ज गेला. स्वतः उत्तम फलंदाज असलेल्या माणसाला खराब खेळपट्टी म्हणजे काय हे कुणी सांगायला नको होतं. तरी पोलो हटला नाही. त्याऐवजी समुद्राकाठी भर घातलेल्या जमिनीवर जिमखान्यांना जागा दिल्या गेल्या : पारशांना आधीचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या काळात, आणि मुसलमानांना व हिंदूंना हॅरिस यांच्या काळात. हिंदू जिमखाना १८९४ साली सुरू झाला, म्हणजे कोल्हापूरच्या समारंभाच्याच वर्षी.

जागा मिळाल्या हा लाभ खरा. पण त्या जातवार मिळाल्या. युरोपियन विरुद्ध पारशी हा वार्षिक सामना १८९२ साली सुरू झाला, १९०७ साली हिंदू आल्यावर तिरंगी, १९१२ साली मुसलमान आल्यावर चौरंगी आणि १९३७ साली पंचरंगी झाला. ती घडी मोडायला १९४६ साल उजाडावं लागलं.

आणखी एक डाग सांगायलाच हवा. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत भीषण दंगल उसळली तेव्हा गव्हर्नरसाहेब पुण्याला गणेशखिंडीत होते. ते मुंबईत परतले नवव्या दिवशी, आणि तेही क्रिकेटच्या सामन्यासाठी, ही टीका त्यांच्यावर कायमची चिकटली.

दुसरी बाजूही तारखेनिशी घ्या. १९११ साली पतियाळाच्या महाराजांनी नेलेला हिंदी संघ केंटशी खेळला तेव्हा साठ वर्षांचे हॅरिस स्वतः बॅट घेऊन उतरले. आणि १९२६ साली लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्समध्ये (आजच्या आयसीसीचं जुनं रूप) हिंदुस्थानाला स्थान मिळालं, त्या बैठकीचे अध्यक्ष हॅरिसच होते. जनक नव्हेत, पण दार उघडताना कडीवर त्यांचा हात होता.

प्रश्न : शाळेच्या प्रदर्शनासाठी हॅरिस यांची आकडेवारी काढतो आहे. प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा. जुने धावफलक वाचायचे कसे?
— तेच शिक्षक, इचलकरंजी

उत्तर : चार ठिकाणी घसरगुंडी होते.

पहिलं, नाव. नोव्हेंबर १८७२ पूर्वीच्या सामन्यांत ‘लॉर्ड हॅरिस’ शोधलंत तर काहीच मिळणार नाही. वडील हयात असताना ते ‘ऑनरेबल जी. आर. सी. हॅरिस’ होते. इटन आणि ऑक्सफर्डचे सामने त्या नावाखाली पाहा.

दुसरं, षटक. इंग्लंडमध्ये १८८८ पर्यंत षटक ४ चेंडूंचं, १८८९ ते १८९९ पर्यंत ५ चेंडूंचं, १९०० पासून ६ चेंडूंचं. उदाहरण घ्या. १८८४ साली ओव्हलवर कप्तान हॅरिस यांनी अकराही जणांना गोलंदाजी दिली. वर उल्लेखलेले यष्टिरक्षक लिटल्टन पॅड न काढता हाताखालून चेंडू टाकायला आले आणि १२ षटकांत १९ धावा देऊन ४ बळी घेऊन गेले. हे चेंडू ४८. सवयीने ७२ लिहाल तर सगळा हिशोब बिघडेल. जुन्या फलकांवर निर्धाव षटकं भरमसाट दिसतात त्याचंही मोठं कारण हेच : चार चेंडू निर्धाव टाकणं सहापेक्षा सोपं.

तिसरं, सरासरी. भागायचं ते डावांनी नव्हे, बाद झालेल्या डावांनी. हॅरिस यांचे कसोटी डाव ६, नाबाद १, धावा १४५. १४५ भागिले ५, सरासरी २९. सहाने भागलंत तर २४.१६ येईल आणि पुस्तकाशी जमणार नाही.

चौथं, प्रथम श्रेणीचे एकूण आकडे. ‘प्रथम श्रेणी’ची अधिकृत व्याख्या १९४७ साली ठरली. त्याआधीचा कुठला सामना धरायचा यावर यादीकारांत मतभेद आहेत. फलकावर ‘सुमारे दहा हजार धावा, ११ शतकं’ लिहा. ते कुठल्याही यादीशी भांडणार नाही.

आणि एक गोष्ट फलकावर अवश्य दाखवा. त्या काळच्या धावफलकावर हौशी खेळाडूच्या नावाआधी ‘मिस्टर’ आणि आद्याक्षरं असत, पगारी खेळाडूचं नुसतं आडनाव. पॅव्हिलियनची दारंसुद्धा वेगळी. हा भेद इंग्लंडमध्ये १९६२ साली अधिकृतपणे संपला. मुलांना हे एका नजरेत समजतं, दहा ओळींच्या मजकुरापेक्षा जास्त.

प्रश्न : शाहू जयंतीला १८८० च्या नियमांनी सामना भरवायचा विचार आहे. मैदान कसं आखावं, नियम कोणते?
— क्रीडा समिती, गडहिंग्लज तालुक्यातली एक शाळा

उत्तर : कल्पना फार आवडली. पण २६ जूनला आर्द्रा नक्षत्र लागलेलं असतं, खेळपट्टीचा चिखल होणार. जयंतीला फलक लावा, सामना डिसेंबर-जानेवारीत घ्या.

आखणी अशी. खेळपट्टी तेव्हाही २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. स्टीलच्या टेपनेच मोजा; नायलॉनची दोरी ताणली जाते आणि हातभर फरक सहज पडतो. फक्की मारण्यापूर्वी सुती सुतळी खुंट्यांना बांधून रेघ सरळ करून घ्या.

स्टंप जमिनीवर २७ इंच (६८.६ सेंटिमीटर) हवेत. आजचे २८ इंच असतात, तेव्हा नेहमीपेक्षा एक इंच जास्त ठोका. तीन स्टंपांची मिळून रुंदी ८ इंच (२०.३ सेंटिमीटर), आजची ९ इंच. ८ इंचांची लाकडी पट्टी कापून ठेवा आणि तिनेच तपासा. इथे बेल्स अडतात : आजच्या बेल्स लांब असल्यामुळे मधल्या स्टंपवर त्यांची टोकं एकमेकांवर चढतात आणि वाऱ्याच्या झुळकीनेही पडतात. सुताराकडून ४-४ इंचांच्या दोन जोड्या करून घ्या, एक जोडी जादा.

गोलंदाजीची रेघ स्टंपांच्या ओळीतच, ६ फूट ८ इंच लांब (२०३ सेंटिमीटर), स्टंप बरोबर मध्यावर. तिच्या दोन्ही टोकांना काटकोनात मागे जाणाऱ्या छोट्या रेघा. फलंदाजाची रेघ स्टंपांपासून ४ फूट (१२२ सेंटिमीटर) पुढे.

आता नियम. षटक ४ चेंडूंचं. पंचांच्या हातात चार चिंचोके द्या, चेंडू पडला की एक खिशात. धावांच्या वहीत छापील चौकटी सहा चेंडूंच्या असतात. सामन्याआधीच प्रत्येक चौकटीचा शेवटचा तिसरा भाग पेन्सिलीने खोडून ठेवा, नाहीतर स्कोअरर दुसऱ्याच षटकात चुकतो.

नो-बॉल पुढच्या पायावर नाही. चेंडू सोडताना एक पाय गोलंदाजीच्या रेघेमागे टेकलेला असला की पुरे. आजच्या पंचांची नजर पुढच्या रेघेवर जाते, त्यांना हे आदल्या दिवशी नीट समजावून सांगा. पायचीतसाठी चेंडूचा टप्पा दोन्हीकडच्या स्टंपांच्या सरळ पट्ट्यातच पडलेला हवा. ऑफ स्टंपबाहेर टप्पा पडून आत आलेल्या चेंडूवर पायचीत नाही. षटकार म्हणजे चेंडू मैदानाच्याच बाहेर, तुमच्याकडे शाळेच्या कुंपणापलीकडे. नुसता सीमारेषेवरून गेला तर ४.

पहिल्या डावात ८० किंवा अधिक धावांनी मागे पडलेल्या संघाने लगेच पुन्हा खेळायलाच हवं. त्यात समोरच्या कप्तानाची मर्जी चालत नाही. डाव घोषित करण्याची सोय १८८९ साली आली, म्हणून तुमच्या सामन्यात ती नाही. यात अडचण अशी की भरपूर धावा झाल्यावर फलंदाज मुद्दाम बाद होऊ लागतात. त्या काळीही तेच होई. मुलांना कारण सांगा, रागावू नका.

हेल्मेट मात्र घालायला लावा. १८८० साली नव्हतं म्हणून आज नको, असं चालणार नाही.

प्रश्न : आमच्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचा ४४३ धावांचा डाव एका संस्थानिक कप्तानाने अडवला होता. त्याला तसा अधिकार होता का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. काठेवाडच्या २३८ धावांना महाराष्ट्राने ४ बाद ८२६ असं उत्तर दिलं. भाऊसाहेब ४९४ मिनिटं खेळून ४४३ वर नाबाद होते. ४९ चौकार आणि १ षटकार. ब्रॅडमन यांचा ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला १० धावा हव्या होत्या. काठेवाडचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो, असं त्यांनी सांगितलं आणि संघ खरोखरच निघून गेला.

अधिकार होता का? समोरच्याला डाव घोषित करायला लावण्याचा अधिकार कुठल्याच कप्तानाला नव्हता आणि नाही. सामना सोडून देऊन हार पत्करण्याचा मात्र होता, आणि त्यांनी तेच केलं. नियमात बसतं, खिलाडूपणात बसत नाही. सिडनीत मार खाऊनही हॅरिस मैदान सोडून का गेले नाहीत, ते वर आलंच आहे.

भाऊसाहेबांना एकही अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. प्रथम श्रेणीत भारतीय फलंदाजाचा सर्वोच्च डाव मात्र अजून त्यांचाच आहे, आणि धावफलकावर त्यांच्या नावापुढे ‘नाबाद’ असंच लिहिलेलं आहे.